हजाराचा स्विच की लाखाचा? इंटरनेटवरच्या गाण्याला खरंच फरक पडतो का?

पाच वायरी लावायचा एक लहानसा डबा. नांदेड किंवा लातूरच्या संगणकाच्या दुकानात हजार-दीड हजारात मिळतो. तेच काम करणारा दुसरा डबा परदेशातून मागवला तर पन्नास हजारांच्या पुढे जातो, आणि काहींची किंमत अडीच लाखांवर आहे. या दुसऱ्या डब्याचा दावा असा की, तो लावला की गाणं जास्त स्वच्छ ऐकू येतं. तानपुरा वेगळा कळतो, गायिकेचा श्वास ऐकू येतो, वाद्यं एकमेकांपासून सुटी होतात.

हा डबा म्हणजे नेटवर्क स्विच. भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे, तर इंटरनेटची एक वायर घेऊन ती चार-पाच यंत्रांना वाटून देणारा. एरवी ऑफिसात, सायबर कॅफेत किंवा सीसीटीव्हीच्या पेटीत धूळ खात पडलेला असतो. गेल्या काही वर्षांत तो संगीतप्रेमींच्या खरेदीच्या यादीत आला आहे.

कारण सरळ आहे. नांदेडच्या तरोडा नाक्यापासून लातूरच्या औसा रोडपर्यंत फायबर इंटरनेट पोचलं आहे. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये जादा पैसे न घेता ‘लॉसलेस’ गाणी द्यायला सुरुवात केली. म्हणजे सीडीच्या तोडीचा आवाज घरबसल्या मिळतो. मग चांगले स्पीकर येतात, ॲम्प्लिफायर येतो, इंटरनेटवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर येतो. आणि मग प्रश्न पडतो: आता पुढे काय घ्यायचं? नेमक्या याच टप्प्यावर ‘ऑडिओफाइल स्विच’ची जाहिरात मोबाइलवर दिसू लागते.

स्विच नेमका करतो काय?

गाणं इंटरनेटवरून येतं तेव्हा आवाज येत नाही. आकडे येतात. पाच मिनिटांचं सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे जवळपास ५३ मेगाबाइट आकडे. ते सुमारे ३६ हजार छोट्या पाकिटांमध्ये भरलेले असतात. प्रत्येक पाकिटावर कुठून आलं, कुठे जायचं आणि कितवं आहे हे लिहिलेलं असतं. स्विच पत्ता वाचतो आणि योग्य वायरीवर पाकीट सोडतो. पोस्टमनचं काम. आतलं पत्र तो वाचत नाही, बदलत तर नाहीच.

वाटेत पत्र खराब झालं तर? प्रत्येक पाकिटाच्या शेवटी ३२ बिटांचा एक तपासणीचा आकडा असतो. आतला मजकूर आणि हा आकडा जुळला नाही की पाकीट तिथेच टाकून दिलं जातं. पूर्ण विस्कटलेलं पाकीट चुकून या तपासणीतून सुटण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. त्यावर आणखी एक तपासणी पुढे असतेच. टाकून दिलेलं पाकीट गाणं वाजवणारं यंत्र पुन्हा मागवून घेतं.

लातूरकरांना हे वेगळ्या शब्दांत सांगता येईल. ‘लातूर पॅटर्न’च्या शहरात नीटच्या निकालाच्या दिवशी हजारो मुलं गुणपत्रिकेची पीडीएफ उतरवतात. कुणाच्या घरी साधा स्विच असतो, कुणाच्या हॉस्टेलमध्ये चार वर्षं जुना. ७२० पैकी मिळालेले ६४० गुण स्वस्त स्विचमधून आले म्हणून ६३९ होत नाहीत, आणि महागड्यातून आले म्हणून अक्षरं ठळकही होत नाहीत. फाइल एक तर जशीच्या तशी येते, नाहीतर येतच नाही.

गाण्याचंही तसंच. इंटरनेट बिघडलं तर गाणं अडकतं, थांबतं, मध्येच गप्प होतं. काही सेवा अशा वेळी आपणहून कमी दर्जाची फाइल पाठवतात, तेव्हा आवाज खरंच उतरतो. पण ‘तारसप्तकातली चमक थोडी कमी झाली’ किंवा ‘खर्ज जरा सैल वाटला’ असा बारीक बिघाड आकड्यांच्या या प्रवासात होऊ शकत नाही. त्यासाठी हजारो आकडे एकाच दिशेने, सुरेल पद्धतीने चुकावे लागतील आणि तरीही तपासणीतून सुटावे लागतील.

‘पण गाणं तर त्याच क्षणी वाजतं ना?’

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो चुकीचा नाही. पीडीएफ उतरायला दोन सेकंद जास्त लागले तरी बिघडत नाही. गाण्यात मात्र वेळेला महत्त्व आहे. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचा एक-एक नमुना बाहेर पडतो. तो क्षणाचाही पुढे-मागे झाला तर आवाज बिघडतो. याला ‘जिटर’ म्हणतात आणि तो खरा आहे. महागड्या स्विचमध्ये अतिशय अचूक घड्याळ बसवलेलं असतं आणि त्यामुळे जिटर कमी होतो, असं कंपन्या सांगतात.

गोम इथेच आहे. त्या ४४,१०० नमुन्यांचा ताल स्विच धरत नाही.

एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’ आली की पाणी आधी साठ्यात जायचं, तिथून शुद्ध होऊन टाक्यांमध्ये, आणि मग टँकरने किंवा नळाने घरात. रेल्वे वाटेत किती हिसके खात आली, कुठल्या स्टेशनवर सिग्नलला थांबली, याचा घरातल्या तोटीच्या धारेशी संबंध नव्हता. धार ठरते ती गच्चीवरच्या टाकीवर आणि तोटीवर. एक दिवसाआड नाही, कित्येक दिवसांआड नळाला पाणी येतं अशा शहरात टाकीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

स्ट्रीमरमध्ये अशीच टाकी असते. तिला ‘बफर’ म्हणतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर पाच मिनिटांचं ते अख्खं गाणं चार-साडेचार सेकंदांत उतरू शकतं. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, म्हणजे या एका जोडणीवर अशी सत्तर गाणी एकाच वेळी वाजू शकतात. पाकिटं पुढे-मागे, गटागटाने, कशीही आली तरी ती आधी बफरमध्ये जमा होतात, क्रमाने लागतात. तिथून पुढे आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारी चिप, म्हणजे ‘डॅक’, तिच्या शेजारी बसलेल्या स्वतःच्या घड्याळाच्या तालावर एक-एक नमुना उचलते. जिटर मोजायचा तर या घड्याळाचा. स्विचमधलं घड्याळ म्हणजे मिरजेच्या स्टेशनातलं घड्याळ. ते सोन्याचं बसवलं तरी लातूरच्या तोटीला कळत नाही.

हे पटत नसेल तर एक प्रयोग फुकटात करता येतो. स्ट्रीमरचं वायफाय बंद करा, लॅनच्या वायरीवर गाणं लावा, अर्धा मिनिट जाऊ द्या. मग कुणाला तरी स्ट्रीमरच्या मागची लॅनची वायर काढायला सांगा. गाणं वाजत राहील. कुठल्या यंत्रात काही सेकंद, कुठल्यात अख्खं गाणं संपेपर्यंत. वायर निघाली त्या क्षणी स्विच, त्याचं घड्याळ, त्याचा अडॅप्टर, सगळं साखळीतून बाहेर पडलेलं असतं. जगातल्या सगळ्यात महाग स्विचपेक्षाही ‘शांत’ असा स्विच म्हणजे न जोडलेला स्विच. तुम्हाला पाठमोरं बसून, न सांगता, तो क्षण कानाने ओळखता आला तरच पुढची खरेदी विचारात घ्यावी.

मग कंपन्या निव्वळ थापा मारतात?

पूर्णपणे नाही. घड्याळाचा मुद्दा फोल ठरला तरी एक मुद्दा उरतो आणि तो तांत्रिकदृष्ट्या खरा आहे: विजेचा गोंगाट.

लॅनच्या वायरीतून आकडे येतात, पण ती शेवटी तांब्याची तार आहे. तिच्यातून नको असलेली वीजही येऊ शकते. स्विचला जो छोटा अडॅप्टर लागतो, तो आत हजारो-लाखो वेळा वीज चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतो. त्यातून गोंगाट होतो. यावर विश्वास बसत नसेल तर मध्यम लहरींवर आकाशवाणी लावलेला जुना रेडिओ स्वस्त अडॅप्टरजवळ न्या. जी खरखर येते ती हीच. आता हा गोंगाट वायरीवाटे स्ट्रीमरमध्ये, तिथून ॲम्प्लिफायरमध्ये शिरला तर आवाजावर परिणाम व्हायला हवा, असा हा युक्तिवाद आहे.

तो अडतो कुठे? लॅनच्या प्रत्येक पोर्टमागे छोटे ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात, म्हणजे दोन यंत्रांमध्ये तांब्याचा थेट संपर्क राहत नाही. इथरनेटच्या मानकानुसार हा अडसर एका मिनिटाला १,५०० व्होल्ट सहन करणारा हवा. बराचसा गोंगाट तिथेच अडतो. अगदी वरच्या कंपनसंख्येचा थोडा अंश पलीकडे जाऊ शकतो. तो पुढे डॅकच्या तोंडाशी, जिथून प्रत्यक्ष आवाज बाहेर पडतो तिथे, उरतो का हा खरा प्रश्न. आणि तो मोजता येतो.

मोजलाही गेला आहे. अमेरिकेतल्या अपटोन ऑडिओ या कंपनीने २०१९ मध्ये ‘एथररेजेन’ नावाचा स्विच आणला. किंमत ६४० डॉलर. या क्षेत्रात सगळ्यात जास्त चर्चा झालेल्यांपैकी हा एक. ऑडिओ उपकरणांची मोजमापं करणाऱ्या ‘ऑडिओ सायन्स रिव्ह्यू’ने तो प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासला. डॅकमधून बाहेर पडणारा आवाज या स्विचसह आणि त्याशिवाय मोजला. फरक आढळला नाही. नॉरडॉस्ट या अमेरिकी कंपनीचा ‘क्यूनेट’ हा पाच पोर्टांचा स्विच तर सुमारे ३,२०० डॉलरला बाजारात आला. आजच्या दराने अडीच लाख रुपयांच्या पुढे, आयातशुल्क वेगळं.

लॅनच्या वायरीचा असाच एक प्रयोग २०१५ मध्ये झाला होता. ‘आर्स टेक्निका’ या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने जेम्स रँडी फाउंडेशनसोबत लास व्हेगासमध्ये श्रोत्यांना बसवलं, त्यांच्यापासून लपवून सुमारे ३४० डॉलरची वायर आणि काही डॉलरची साधी वायर अदलून-बदलून लावली. श्रोत्यांना कुठली कोणती ते ओळखता आलं नाही.

फरक ऐकू आला असं सांगणारे लोक खोटं बोलतात, असा याचा अर्थ नाही. नवी वस्तू घरात आली की आपण जास्त लक्ष देऊन ऐकतो, आणि लक्ष देऊन ऐकलं की आधीही असलेला तानपुरा ‘नव्याने’ ऐकू येतो. शिवाय स्विच बसवताना सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या जातात, गंजलेले सांधे घासले जातात. त्यानेही आवाज सुधारू शकतो. पण ते काम फुकट आहे.

नांदेड-लातूरचा खरा गोंगाट

गाणं थांबवलं, आवाज वाढवला आणि स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा घुमारा आला, तर तो बहुतेक वेळा इंटरनेटचा नसतो. घराच्या वायरिंगचा असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते. तो ५० किंवा १०० हर्ट्झचा सूर आपण ऐकत असतो.

मराठवाड्यात याला जमिनीची साथ आहे. अर्थिंग म्हणजे घराच्या वायरिंगला मातीशी जोडणारी वाट. खड्डा खणायचा, त्यात पाइप किंवा पत्रा पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं ही जुनी पद्धत अजूनही सर्रास चालते. पण माती ओली असेल तरच ती वीज नीट वाहून नेते. इथली काळी माती पावसाळ्यात चिकट आणि ओली असते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि पुरलेल्या पाइपापासून सुटते. वरच्या थराखाली बेसॉल्टचा खडक लागला की खड्डा मुळातच उथळ राहतो. त्यामुळे जे अर्थिंग ऑगस्टमध्ये ठीक असतं तेच मे महिन्यात नावापुरतं उरतं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं असं वायरमन सांगतात. ज्या शहराने पिण्याचं पाणी रेल्वेने आणलं, तिथे ते किती घरांत होतं हे विचारायला नको.

अर्थिंग नसलं की काय होतं? ॲम्प्लिफायरच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर हलक्या झिणझिण्या येतात. दोन पिनांच्या अडॅप्टरमधून गळणारा थोडासा प्रवाह जायला जागा नसते, म्हणून तो यंत्राच्या अंगावर साठतो आणि एका यंत्राकडून दुसऱ्याकडे वायरीवाटे वाट शोधतो. ती वाट ऑडिओच्या वायरीतून गेली की घुमारा ऐकू येतो.

इथे एक महागडी चूक होते. ‘चांगली’ म्हणून लोक धातूचं वेष्टण असलेली, धातूच्या टोकांची जाड लॅन वायर घेतात. साध्या वायरीत दोन यंत्रांच्या धातूच्या अंगांचा संपर्क येत नाही. वेष्टण असलेल्या वायरीने मात्र ते जोडलं जाऊ शकतं आणि आधी नसलेला घुमारा सुरू होऊ शकतो. म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त गोंगाट. घरातल्या अंतरांसाठी वेष्टण नसलेली साधी ‘कॅट ६’ वायर पुरेशी आहे.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. घुमारा थांबवण्यासाठी काही जण ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात किंवा दोन पिनांचा जोड लावतात. घुमारा खरंच थांबतो. पण आत कुठे फेजची वायर सुटून धातूच्या अंगाला लागली तर वीज जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाते. ती पिन आवाजासाठी नाही, माणसासाठी आहे. घुमारा घालवायचा तर ॲम्प्लिफायर, स्ट्रीमर आणि टीव्ही एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर चालवून बघावं. टीव्हीला केबलची वायर असेल तर ती काढून बघावी. बऱ्याचदा चोर तीच असते.

आणि इन्व्हर्टर. वीज गेली की घरातला इन्व्हर्टर सुरू होतो. तो ‘स्क्वेअर वेव्ह’ प्रकारचा असेल तर त्याची वीज महावितरणच्या विजेसारखी गोल लहरीची नसते, कोनेकोपऱ्यांची असते. पंखा घुरघुरतो तसाच ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मरही घुरघुरतो. वीज असताना जुना स्विच आणि नसताना नवा, अशी तुलना झाली असेल तर ती स्विचची तुलनाच नव्हे. ‘प्युअर साइन वेव्ह’ इन्व्हर्टरने हा त्रास जातो, आणि तो पंख्यालाही बरा.

स्विचचा त्रास खरंच आहे हे कसं ओळखायचं? गाणं थांबवून, आवाज वाढवून स्पीकरला कान लावा आणि लॅनची वायर काढा. घुमारा किंवा चिरचिर त्या क्षणी थांबली, तर गोंगाट त्या वायरीने येतो आहे. तरीही उत्तर पन्नास हजारांचं नाही. आधी वायर बदला. नाही भागलं तर स्विचचा अडॅप्टर बदलून बघा. तेही नाही तर दोन मीडिया कन्व्हर्टर आणि मध्ये फायबरचा तुकडा टाका. काचेतून वीज जात नाही. गोंगाटाची वाट कायमची बंद. हे सगळं दोन-तीन हजारांच्या आसपास होतं. किंवा सरळ वायफाय वापरा, तिथे तर वायरच नाही.

स्विच महत्त्वाचा ठरतो ते ठिकाण वेगळं

मोठ्या सभागृहात, रेकॉर्डिंग स्टुडिओत किंवा कार्यक्रमाच्या मंचावर आता माइकचा आवाज नेटवर्कवरून नेला जातो. ऑस्ट्रेलियातल्या ऑडिनेट कंपनीचं ‘दांते’ हे त्यातलं सगळ्यात प्रचलित तंत्र. इथे टाकी जवळपास नसतेच. गायकाच्या तोंडून शब्द निघाला की एक-दोन हजारांश सेकंदांत तो पुढे जायला हवा. पाकीट हरवलं तर पुन्हा मागवायला वेळ नसतो, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळंही नेटवर्कवरूनच जुळवली जातात. म्हणून तिथे कुठला स्विच, त्यात कुठल्या पाकिटाला प्राधान्य, वीज वाचवण्याची सोय बंद केली आहे का, हे सगळं पाहावं लागतं. स्वस्त स्विचमधली ती वीजबचतीची सोय अख्ख्या कार्यक्रमाचा आवाज तोडू शकते.

पण तिथेही चांगला स्विच म्हणजे नेमका बसवता येणारा स्विच, ‘गोड’ आवाजाचा नव्हे. आणि बिघाड झाला की आवाज तुटतो, टकटकतो. ‘किंचित मलूल’ होत नाही.

घरातही स्विच बदलायची वेळ येते. गाणी वारंवार अडकत असतील, पोर्टचा दिवा मधूनच विझत असेल, डबा हाताला चटका बसेल इतका तापत असेल, तर तो खुशाल बदला. नवा हजार-दीड हजारातच घ्या.

पन्नास हजार खर्च करायचेच असतील तर

मग खोलीकडे बघा. आपल्याकडची दिवाणखान्याची खोली साधारण दहा बाय बारा फुटांची, फरशी गुळगुळीत, भिंती सिमेंटच्या, छत दहा फुटांवर. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. दहा फुटांच्या रुंदीत आणि दहा फुटांच्या उंचीत, दोन्हीकडे ५६ हर्ट्झचा. म्हणून तबल्याचा डग्गा एका खुर्चीत बसलं की छातीवर येतो आणि दोन फूट सरकलं की गायब होतो. हा फरक ऐकायला कुठल्याही यंत्राची गरज नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढणं, भिंतीपासून हातभर पुढे घेणं, बसायची जागा मागच्या भिंतीपासून सोडवणं हे फुकट आहे. जाड पडदा, सतरंजी, मागच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट. टाळी वाजवल्यावर येणारा ‘टणऽ’ असा प्रतिध्वनी गेला की गाणं लगेच जवळ येतं. भिंतीला दोन जाड गोधड्या टांगून बघितल्या तरी कळेल. घरच्यांची परवानगी मिळाली तर.

उरलेल्या पैशांत वायरमन बोलवा. फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज त्याच्याकडून मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर वायरिंग तपासायला हवं. ते मोजमाप मे महिन्यात केलेलं बरं. सोबत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तो गाण्यासाठी काही करत नाही. गळती झाली की वीज तोडतो.

आणखी एक धोका इथला, मे-जूनचा. वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा इंटरनेटची तांब्याची वायर गच्चीवरून ओढलेली असेल तर तिच्यातून उसळी येऊन स्विच, राउटर आणि स्ट्रीमर एकाच वेळी जळू शकतात. स्विच हजाराचा असो की लाखाचा, ही उसळी दोघांनाही सारखीच. घराबाहेरचा तुकडा फायबरचा करून मागा, आणि आभाळ भरून आलं की प्लग आणि लॅनची वायर दोन्ही काढून ठेवा.

तरीही घ्यायचाच असेल तर आधी अशी परीक्षा घ्या

ज्याला ऐकायचं आहे त्याने स्पीकरकडे तोंड करून बसावं. दुसऱ्याने पडद्याआड दोन्ही स्विच चालू ठेवावेत आणि नाणं उडवून, छापा-काट्यानुसार, वायर या किंवा त्या स्विचला लावावी. दर वेळी तेच गाणं, तोच तुकडा, आवाजाच्या बटणाला हात नाही. मधला वेळ दर वेळी सारखा ठेवावा, नाहीतर खुडबुडीवरूनच उत्तर कळतं. ऐकणाऱ्याने उत्तर कागदावर लिहावं, बोलू नये. असं सोळा वेळा. केवळ अंदाजाने बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता शंभरात चार आहे. तेवढी आली तर परीक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावी. आठ-नऊ बरोबर आली तर ते नाण्याचंच काम.

ही परीक्षा वस्तू परत करण्याची मुदत संपण्याआधी व्हायला हवी. म्हणून ऑनलाइन मागवताना परतीचे दिवस किती, परत पाठवायचा खर्च कुणाचा आणि परदेशी विक्रेता असेल तर भरलेलं आयातशुल्क परत मिळतं का, हे आधी लेखी विचारावं. खोकं आणि बिल जपून ठेवावं. जाहिरातीत केलेल्या दाव्याचा स्क्रीनशॉटही ठेवावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तक्रारीची तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि नव्या कायद्यानुसार ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. विक्रेता मुंबईचा असला तरी नांदेडच्या ग्राहकाला नांदेडमध्ये, लातूरच्या ग्राहकाला लातूरमध्ये.